माझ्या वरच्या आकड्याची खरी हकिगत

“आमच्या बाबांनी काय केलं माहितीये? नात परत जाऊ नये म्हणून दोन महिने चोरून पापड खाल्ले, बीपी चढवलं, आणि बिचारीच्या रिसर्चची वाट लावली!”

हे वाक्य माझ्या मुलाचे आहे. खंडव्याला एका नातलगाच्या साखरपुड्यात, वरण-बट्टीच्या पंगतीत, हातात तुपाचे भांडे घेऊन वाढता वाढता त्याने ते उच्चारले आणि पंगत हसली. माझ्या मेव्हण्याला तर ठसका लागला. मी समोरच बसलो होतो. मी बट्टी कुस्करत राहिलो, कारण पाहुणा म्हणून गेलेल्या घरी बापलेकांनी पंगतीत वाद घालू नये, एवढा शिष्टाचार मी पाळतो. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ मी ते विधान मान्य केले असा काढण्यात आला. तो अर्थ चुकीचा आहे आणि ते विधानही चुकीचे आहे.

हसणाऱ्यांची मला पर्वा नाही. पण त्याच पंगतीत माझी नात बसली होती, जिच्या अभ्यासाविषयी हे बोलले गेले ती. ती हसली नाही. तिने मान खाली घातली आणि ताटातले वांगे बोटाने कडेला सारले. खोट्या आरोपावर मुले उसळतात किंवा हसतात, आणि खऱ्यावर मान खाली घालतात, हे मी उभा जन्म वर्गात पाहिले आहे. तिला ते खरे वाटते. गेल्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे बऱ्हाणपूरला राहिली होती. या उन्हाळ्यात आली नाही. वॉर्डात ड्युटी लागली आहे, असे मला कळवण्यात आले. असेलही. परंतु मी तिला फसवले असे मनात धरून ती येत नसेल, तर ते मी चालू देणार नाही. म्हणून हे लिहीत आहे, आणि तिच्यासाठी लिहीत आहे. बाकीच्यांनी वाचले तर त्यांच्या ज्ञानात भर पडेल.

मी इथल्या सरकारी शाळेत भौतिकशास्त्र शिकवले. शाळा हिंदी, घर मराठी, आणि गल्ली दोन्हींच्या मधली. गल्ली अजूनही मला ‘माटसाब’, म्हणजे मास्टरसाहेब, म्हणते. दाब म्हणजे काय, तो द्रवात सर्व दिशांना सारखा कसा पसरतो, पाऱ्याचा स्तंभ नळीत कशाच्या जोरावर उभा राहतो, हे या शहरातल्या निम्म्या कापड दुकानदारांनी माझ्या समोरच्या बाकावर बसून ऐकले आहे. त्यांना ते आठवत नसेल, तो दोष माझा नाही. सांगायचे एवढेच की दाब मोजण्यात अप्रामाणिकपणा माझ्या हातून कधी होणार नाही.

माझी नात परगावच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकते. गेल्या उन्हाळ्यात तिच्या प्राध्यापकांनी तिला एक छोटे संशोधन करायला दिले. विषय असा : डॉक्टरच्या पांढऱ्या कोटासमोर बसले की काही माणसांचा रक्तदाब वाढतो आणि घरी एकटे असताना तो ठीक असतो; हे आपल्याकडच्या गावांत आणि लहान शहरांत कितपत घडते? त्यासाठी तिने बऱ्हाणपूर निवडले. माझा मुलगा या निवडीचे कारण सांगतो की राहण्या-जेवणाची सोय होती आणि सर्टिफिकेट मिळणार होते. हेही चूक आहे. कारण तिने मला सांगितले होते, त्याला नाही.

ती आली त्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ, कूलर चालू, बाहेर रस्त्यावर कुत्रेही दिसत नव्हते. ती जेवणाच्या टेबलावर हृदयाच्या आलेखांच्या पट्ट्या पसरून बसली होती आणि मी भिंग घेऊन त्यांतले चौकोन वाचत होतो. आडव्या अक्षावर काळ, उभ्यावर विद्युतदाब, म्हणजे विषय माझाच. एका पट्टीवर मी बोट ठेवून म्हणालो, “इथे ठोका आधीच पडला आहे. नंतर थांबला आहे.”

“आजोबा! हे मला सेकंड इयरमध्ये कळलं नव्हतं.”

“तुला शिकवणारे सरळ शिकवत नसतील.”

ती हसली. मग पट्टी गुंडाळता गुंडाळता तिने वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याविषयी सांगितले. त्याच्या हृदयाची एक झडप बिघडली होती आणि तिच्यातून येणारा आवाज क्वचित ऐकायला मिळणारा होता. म्हणून विद्यार्थ्यांच्या टोळ्या एकामागून एक त्याच्या खाटेपाशी येत, स्टेथोस्कोप लावत, माना डोलवत आणि पुढे जात. तिची पाळी आली तेव्हा त्याने तिचे मनगट धरले आणि विचारले, “बेटी, सब सुनके जाते हैं. तू तो बता, क्या सुनाई देता है?”

“मग तू काय सांगितलंस?”

“काही नाही. मागे लाइन लागली होती ना.” ती थोडा वेळ पट्टीच्या कडेला नख लावत राहिली. “आजोबा, हॉस्टेलला एवढ्या मुली आहेत, पण हे कुणाला सांगावं तेच कळेना.”

घरी जाऊन, लोकांच्या शेजारी बसून, त्यांच्याच खोलीत त्यांचे हृदय मोजायचे, हे तिच्या मनात त्या खाटेपाशी आले. याला सर्टिफिकेट म्हणणाऱ्याने माझ्याशी समोरासमोर बोलावे.

दोन महिने तिने या शहरातली आणि आसपासच्या गावांतली घरे पालथी घातली. धूलकोटला ती बसने गेली, दापोऱ्याला माझ्या स्कूटरवर. स्कूटर ती चालवी आणि मी मागे बसे. मी सोबत का गेलो, याचीही एक कथा पसरवण्यात आली आहे की मला घरी करमत नव्हते. मी गेलो, कारण अनोळखी गावात तरुण मुलीने एकटे फिरू नये असे तिच्या आईने फोनवर सांगितले होते. घरी मला करमत होते की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो कुणी विचारला नव्हता.

दापोऱ्याच्या पहिल्याच घरी घोळ झाला. घर केळीवाल्याचे. केस पांढरे झालेला तो गृहस्थ माझा जुना विद्यार्थी निघाला. मला पाहताच त्याने पाय धरले.

नात म्हणाली, “काका, खुर्चीत बसा. पाठ टेकवा, पाय जमिनीवर ठेवा.”

“सर उभे आन् मी बसू? जमायचं नाही ताई.”

मी बसलो. तरी तो बसेना. शेवटी खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला, पाठ ताठ, हात जोडलेले. तिने एक हात सोडवून दंडाला पट्टा बांधला. आकडा चांगलाच वर आला. तिच्या कपाळाला आठी पडली. स्वयंपाकघराच्या दारातून त्याची बायको म्हणाली, “ताई, बीपी नाही वाढलं त्यांचं, छडी आठवून राह्यली!”

“खरं सांगतो ताई,” तो म्हणाला, “बॅरोमीटर फोडला म्हणून सरांनी मला लई मारलं होतं. फोडला होता दुसऱ्यानं.”

“तूच फोडलास,” मी म्हणालो. “आणि छडी नव्हती. फूटपट्टी होती.”

“सर, देवाशपथ...”

“बोलू नका!” नात ओरडली. “दोघंही! रीडिंग चालू आहे!”

मग तिने मला बाहेर काढले. “आजोबा, तुम्ही जरा केळीत जाऊन बसा ना. प्लीज.” मी गेलो. पंपाच्या खोलीच्या सावलीत बसलो. केळीच्या बागेत भरउन्हातही एक ओला, मातकट गारवा असतो; पानावर पान घासल्याचा आवाज येत राहतो आणि दुसरे काही ऐकू येत नाही. बऱ्याच वेळाने ती बांधावरून धावत आली. मी खोलीत नसताना त्याचा आकडा घसरून अगदी ठीक आला होता.

“आजोबा, माझा कोट तर पिशवीतच होता. पांढरा कोट तुम्ही होता, तुम्ही!”

त्या दिवसापासून तिच्या अभ्यासात एक नियम आला : घरच्या मोजणीच्या वेळी खोलीत कुणी नको. सासरा नको, गुरुजी नको, थोरला भाऊ नको. दार लोटून, पाच मिनिटे गप्प बसून, माणसाने स्वतःच बटण दाबायचे. तिच्या प्राध्यापकांनी या नियमाचे कौतुक केले असे तिने मला आनंदाने सांगितले. तो नियम कुणामुळे आला, हे पंगतीत तूप वाढणाऱ्याला ठाऊक नाही.

आता पापडांकडे वळतो.

आमच्या गल्लीत उन्हाळ्याचे पापड, कुरडया आणि ज्वारीचे बिबडे माझ्या गच्चीवर वाळतात. गच्ची मोठी आहे, वर ऊन दिवसभर असते, आणि मी घरीच असतो. बायका सकाळी धोतरे अंथरून पापड घालून जातात. कावळे आणि वानरे हाकलायचे काम माझे. माझी पत्नी होती तेव्हा हे काम तिचे होते. तिच्यामागे ते आपसूक माझ्याकडे आले, जसे तिचे तुळशीला पाणी घालणे आले. समोरच्या घरातली बाई खालूनच ओरडते, “माटसाब, कावळे सांभाळजा हां! आन् तुमचा वाटा डब्यात ठेवला बरं!” वाटा घेतला नाही तर ती रुसते आणि पुढल्या वर्षी गच्ची मागायला संकोचते. म्हणून मी डबा घेतो. गच्चीवर निदान काही तास बायकांचे बोलणे ऐकू येते, हाही एक लाभ आहे. तो मी नाकारत नाही.

नात गेल्यानंतर तो डबा मुलाला माझ्या स्वयंपाकघरात पिंपामागे सापडला आणि त्याने तो वर उचलून धरला, जणू चोरीचा माल. “अर्धा डबा संपलाय, बाबा!” संपला होता. पण कुणी संपवला? हृदयविकाराचा अभ्यास करणारी, मिठाने रक्तवाहिन्यांचे काय होते हे मला रोज ऐकवणारी विद्यार्थिनी दुपारी गॅस पेटवून जाळीवर बिबडे भाजत असे. वास आला की मी वाचनातून मान वर करत असे.

“तुम्हाला नाही हं, आजोबा. तुमचं वय बघा.”

“आणि तुझं?”

“माझ्या व्हेसल्स अजून नवीन आहेत.”

कच्चे शेंगदाणे, चिरलेला कांदा आणि भाजलेला बिबडा मुठीने चुरून ती माझ्यासमोर खात असे आणि मला एक शेंगदाणा देत असे. मी ही गोष्ट पंगतीत सांगितली असती तर हशा दुसऱ्या दिशेला वळला असता. नातीला हशाचा विषय करायचे नव्हते म्हणून गप्प राहिलो. डबा पिंपामागे होता, कारण ती हॉस्टेलला जाताना उरलेला तिच्या पिशवीत टाकायचा असे मी ठरवले होते. जाण्याच्या घाईत ते राहून गेले.

शिवाय ‘दोन महिने’ ही शुद्ध थाप आहे. तिच्या अभ्यासात माझी पाळी अगदी शेवटच्या आठवड्यात आली. मी हाताशी होतो, पळून जाणार नव्हतो, म्हणून आधी बाकीची घरे घेतली. मग एका संध्याकाळी तिने माझ्यापुढे संमतीपत्र ठेवले, मला सगळे नियम परक्यासारखे समजावून सांगितले, आणि मीही परक्यासारखे ऐकले, कारण संशोधनात तसेच असायला हवे.

नियम असे होते. संध्याकाळी ती घराबाहेर असताना मी एकट्याने, दार लोटून, दाब मोजायचा. यंत्र तो आकडा आपल्या पोटात साठवून ठेवी. थोड्या वेळाने ती घरी येई आणि त्याच यंत्राने, त्याच खुर्चीत, त्याच दंडावर स्वतः मोजी. आधीचा आकडा तिने पाहायचा नाही, कारण तो ठाऊक असला तर तिचा हात निष्पक्ष राहणार नाही. यंत्रातली साठवण कॉलेजात गेल्यावर प्राध्यापकांसमोर उघडायची. फक्त एक अपवाद होता, आणि तो तिने मला बोट वर करून सांगितला :

“वरचा आकडा एकशे साठच्या वर गेला, तर त्याच दिवशी मला सांगायचं. मग अभ्यास-बिभ्यास बाजूला. मी तुम्हाला डॉक्टरकडे नेणार आणि तुमची गोळी बसेपर्यंत इथून हलणार नाही. समजलं?”

“समजलं.”

“नाही, असं नाही. म्हणून दाखवा.”

मी म्हणून दाखवले. आयुष्यभर दुसऱ्यांकडून म्हणवून घेतले होते.

हा अपवाद वाचकाने लक्षात ठेवावा. माझ्या मुलाच्या सगळ्या कथेचा डोलारा त्याच्यावर उभा आहे : आकडा चढवायचा, आणि मग नात थांबते.

त्या आठवड्यात मी नियम कसे पाळले ते सांगतो. ती बाहेर पडली की मी दार लोटून घेत असे. खुर्चीत पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, डावा हात उशीवर ठेवून बसत असे. पाच मिनिटे बोलायचे नाही, हा नियम इतर घरांत लोकांना फार जड गेला होता. मला त्याचा सराव होता. ती यायच्या आधी कित्येक दिवस असे गेले होते की माझा पहिला शब्द दुपारी भाजीवाल्याशी बोलला गेला, आणि तो खरखरीत निघाला म्हणून त्यानेच विचारले, “तबियत ठीक आहे ना, माटसाब?” तर मी गप्प बसत असे. फ्रिज सुरू होई आणि थांबे. शेजारच्या घरातल्या टीव्हीवरचे हसणे भिंतीतून येई. पट्टा फुगून दंड आवळला की माझी नाडी मला कानात ऐकू येई, आणि त्या आवाजाखेरीज घरात कुणी नाही हे फार स्पष्ट होई. मग आकडा येई. तो वर असे. पहिल्या दिवशी एकशे साठच्या रेघेच्या जरा अलीकडे, नंतर रेघेवर, आणि शेवटी पलीकडे.

मग फाटकाची कडी वाजे. ती येई, हातपाय धुई, दिवसभराच्या हकिगती सांगे आणि म्हणे, “चला आजोबा, आता चूप.” पुन्हा पाच मिनिटे. ती समोर स्टुलावर बसून पायाचा अंगठा हलवत असे. मीही गप्प, तीही गप्प. शांतता म्हणाल तर तेवढीच. पट्टा फुगे, आणि आकडा खाली, अगदी नमुनेदार.

“व्वा, आजोबा! तुम्ही तर आमच्या सरांपेक्षा फिट!”

इथे मी माझ्या मुलाला, मेव्हण्याला आणि हसणाऱ्या सर्वांना एक साधा प्रश्न विचारतो. एकाच संध्याकाळी, एकाच खुर्चीत, एकाच रक्तात आधी आकडा वर आणि मग खाली. मीठ कुठे गेले? फाटक वाजले म्हणून मीठ रक्तातून उठून ओसरीवर जाऊन बसते काय?

तिने कॉलेजात यंत्र उघडले तेव्हा हे सगळे बाहेर आले. तिने मला फोन केला नाही. तिने वडिलांना, म्हणजे माझ्या मुलाला, केला. मुलगा सुट्टी घेऊन आला, मला डॉक्टरकडे घेऊन गेला, गोळी सुरू झाली. ती मी रोज घेतो, त्याबद्दल वाद नाही. माझे आकडे अभ्यासातून वगळले गेले, हेही मला मुलाकडूनच कळले. कारण दोन प्रकारे सांगितले जाते. एक असे की संशोधन करणारीचा सख्खा आजोबा अभ्यासात नको, नात्याचा संशय येतो, असे प्राध्यापक म्हणाले. ते रास्त आहे. मीही तेच म्हटले असते, आणि आधीच म्हटले असते. दुसरे असे की म्हाताऱ्याने आकडे बिघडवले. नातीने या दोहोंपैकी कोणते कारण लिहिले ते मी तिला विचारलेले नाही आणि तिने सांगितलेले नाही. रविवारी तिचा फोन येतो. “गोळी घेतली?” “घेतली.” “पाणी भरपूर पिता ना?” “पितो.” मग पलीकडून कुणीतरी तिला हाक मारते.

डॉक्टरांसमोर वाढणारा दाब तिने अनेक घरांत पाहिला. एकटे असताना वाढणारा आणि माणूस आले की उतरणारा दाब तिला एकाच घरात दिसला, आणि ते घर तिला हिशेबात धरता आले नाही. यात तिचा दोष नाही. पुस्तकात त्यालाही नाव आहे असे डॉक्टरांनी मला सांगितले. लपलेला दाब म्हणतात. म्हणजे मी त्याचा शोध लावलेला नाही आणि तो तयारही केलेला नाही.

आता उरला मूळ आरोप. पापड जाऊ द्या, मीठ जाऊ द्या, दोन महिने जाऊ द्या. ती परत जाऊ नये म्हणून मी हे केले, एवढाच भाग उरतो, आणि त्यावर मी युक्तिवाद करणार नाही. एक घडलेली गोष्ट सांगतो. तिची साक्षीदार नात स्वतः आहे. तिला ती आठवावी लागेल इतकेच.

तिच्या जाण्याच्या दिवशी शेवटची मोजणी होती. ती समोरच्या बाईचा निरोप घ्यायला गेली तेव्हा मी दार लोटून दाब मोजला. आकडा रेघेच्या बराच वर गेला. त्या आठवड्यातला सर्वांत वरचा. ती आली, तिने स्वतः पुन्हा माझा मोजला, तो ठीक आला. तिने यंत्र गुंडाळून पिशवीत ठेवले. आम्ही रिक्षाने स्टेशनवर आलो. ऊन उतरले होते, फलाटावर केळीच्या पेट्यांचा ढीग होता आणि त्याला टेकून ती उभी राहिली. तो आकडा तिच्याच खांद्यावरच्या पिशवीत होता.

गाडी आली. तिने एक बॅग आत ठेवली आणि पुन्हा खाली उतरली.

“आजोबा, खरं सांगा हं. एकटे असताना आकडा वर नाही ना गेला कधी? एकशे साठच्या वर? गेला असेल तर सांगा, मी दुसरी बॅग चढवतच नाही. गाडी गेली तर जाऊ दे.”

तिने बॅगेचा पट्टा हातात धरला होता, आणि ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

मी म्हणालो, “नाही गेला. चढ.”